कमानपाट्यात जळणारे ड्रिल बिट: यवतमाळ जिल्ह्यातल्या एका वर्कशॉपचं प्रकरण

पार्श्वभूमी

यवतमाळ जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावातलं हे फॅब्रिकेशनचं वर्कशॉप. मालक-मिस्त्री, दोन कारागीर आणि हाताखाली एक पोरगा. एरवी गेट, ग्रिल आणि ट्रॉलीची दुरुस्ती चालते. उन्हाळ्यात मात्र शेतीच्या अवजारांची गर्दी असते. एप्रिलमध्ये एका शेतकरी गटाने ट्रॅक्टरमागे चालणाऱ्या वखरांची ऑर्डर दिली. फ्रेम ६५ × ६५ × ६ च्या अँगलची आणि १२ मिमी पट्टीची, साध्या एमएसची (मऊ लोखंडाची). पासा (वखराची जमीन कापणारी आडवी पाती) जुन्या ट्रकच्या कमानपाट्यातून (चाकांवरच्या स्प्रिंगच्या पट्ट्यांतून) कापायच्या होत्या: ४० नग, प्रत्येकी ४ फूट लांब, १० मिमी जाड. प्रत्येक पाशीत १२ मिमी बोल्टसाठी १३ मिमीची ४ भोकं हवी होती, म्हणजे नुसत्या पासांचीच १६० भोकं. मृग लागायच्या आत माल द्यायचा होता.

यंत्रं दोन. एक १३ मिमी क्षमतेचं पिलर ड्रिल: अर्ध्या एचपीची १४४० आरपीएमची (मिनिटाला १४४० फेऱ्यांची) सिंगल फेज मोटर, पाच पायऱ्यांची पुली आणि सगळ्यात खालच्या पायरीला ४८० आरपीएम. दुसरं हाताचं ड्रिल, साधारण ६०० आरपीएमचं. बिट तालुक्याच्या हार्डवेअर दुकानातून आणि थोडे आठवडी बाजारातून आणलेले होते. बाजारातले सोनेरी रंगाचे होते आणि सगळ्यांवर ‘एचएसएस’ (हाय स्पीड स्टील) असा ठसा होता.

अडचण

फ्रेमची भोकं बरी चालली होती. पासांवर हात घातला आणि बिट जळायला लागले. पहिल्या २२ भोकांत १३ मिमीचे १४ बिट गेले. बहुतेकांचा बाहेरचा कोपरा घासून गोल झाला, काहींचं टोक निळं पडलं आणि दोन तर भोक पार होतानाच तुटले. जिथे बिट जळे तिथे पाट्यात काचेसारखा चकचकीत खड्डा उरे, आणि नवं बिटही त्या खड्ड्यावर नुसतं घसरत राही.

मिस्त्रींचा पहिला निष्कर्ष सरळ होता: बिट नकली आहेत. दुकानदाराने उपाय सुचवला, कोबाल्टचे घ्या. दुपटी-तिपटीने महाग असे ५ टक्के कोबाल्टचे, १३५ अंशी टोकाचे तीन बिट आले. घाई म्हणून पहिलं हाताच्या ड्रिलला लावलं, ते तिसऱ्या भोकात तुटलं. दुसरं पिलर ड्रिलवर पाच भोकं करून कोपऱ्यातून गेलं. तिसरं तसंच बाजूला ठेवलं, हा नशिबाचा भाग.

या टप्प्यावर सगळ्यात मोलाची खूण समोर होती आणि तिच्याकडे कुणाचं लक्ष गेलं नव्हतं. पायलट भोकासाठी (मोठ्या भोकाआधी पाडायच्या लहान भोकासाठी) वापरलेलं ५ मिमीचं साधं बिट त्याच यंत्रावर, त्याच पाट्यातून, कुरकुर करत का होईना, पार जात होतं. कारागिरांनी याचा अर्थ असा लावला की ५ मिमीच्या बिटांची कंपनी चांगली. खरं कारण वेगात होतं. ४८० आरपीएमला ५ मिमी बिटाचा बाहेरचा कोपरा मिनिटाला साडेसात मीटर कापतो आणि १३ मिमीचा १९.६ मीटर. फेरे तेवढेच, पण घर्षण आणि ताप अडीचपटीच्या वेगाने.

आधी लोखंड तपासलं

बिटावर पैसे घालण्याआधी, मोटारपंपांची कामं करणाऱ्या एका ओळखीच्या टर्नरला बोलावलं. त्याने बिटाकडे पाहिलंच नाही, कानस मागितली. फ्रेमच्या पट्टीवर कानस लोण्यासारखी चालली. पाट्यावर ती चावत होती, पण जोर लावल्यावरच, आणि कीस बारीक निघत होता. गावातल्या एका रोटावेटरच्या ब्लेडवर ती जवळजवळ घसरली. चांगल्या कानशीचा कडकपणा साठीच्या पुढे असतो (रॉकवेल सी मापात). पाट्याचा चाळिशीच्या घरात, त्यामुळे कानस लागते पण नाखुशीने. हे मोजमाप नव्हे. पण गावात कडकपणा मोजायचं यंत्र नसताना तीन लोखंडांचा क्रम लावायला ते पुरेसं आहे.

कमानपाटा सिलिकॉन-मँगॅनीज किंवा क्रोम-व्हॅनेडियम स्प्रिंग स्टीलचा असतो. कारखान्यात त्याला पाणी देऊन (तापवून झटकन निववून कडक करून) टेम्पर केलेलं असतं, म्हणजे परत थोडं तापवून ठिसूळपणा कमी केलेला असतो. वर्कशॉपने तो थंडच कापला आणि धारही ग्राइंडरने काढली, म्हणजे पाटा कुठेही तापला नव्हता आणि त्याचा पूर्ण टेम्पर शाबूत होता. अशा लोखंडात एचएसएस बिटाला मिनिटाला ६ ते ८ मीटरचा वेग झेपतो. साध्या एमएसला २५ ते ३० मीटर चालतो. हिशेब असा: आरपीएम = १००० × वेग ÷ (३.१४ × व्यास). १३ मिमीसाठी एमएसमध्ये साधारण ६१२ आरपीएम येतात, टेम्पर असलेल्या पाट्यात १७१. यंत्राचा सगळ्यात कमी वेग ४८०. म्हणून फ्रेम सुरळीत झाली आणि पासा अडल्या. बिटाची जात कोणतीही असती तरी हेच झालं असतं, फक्त भोकांची संख्या थोडी पुढे-मागे झाली असती.

चकचकीत खड्ड्याचं कारणही यातच आहे. बिट कापायचं थांबून घासायला लागलं की तेवढा ठिपका लाल होण्याइतका तापतो, आजूबाजूचं थंड लोखंड त्याला लगेच निववतं आणि तो ठिपका पाट्याहूनही कडक होतो. त्याच भोकात नवं बिट घालणं म्हणजे ते बिट वाया घालवणं. असं भोक सोडून द्यावं किंवा तो ठिपका गॅसने तापवून राखेत निवू द्यावा.

मग बिट तपासले

बिट नकली असल्याचा संशय अगदीच खोटा नव्हता, म्हणून त्यांचीही पारख केली. जळालेले बिट एकेक करून ग्राइंडरला लावले. साध्या कार्बन स्टीलच्या ठिणग्या पिवळ्या-पांढऱ्या, फुलबाजीसारख्या फुटणाऱ्या निघतात. टंगस्टन-मॉलिब्डेनमच्या खऱ्या एचएसएसच्या ठिणग्या मंद, लालसर-नारिंगी असतात आणि फारशा फुटत नाहीत. आठवडी बाजारातल्या सोनेरी बिटांपैकी काहींनी चक्क फुलबाजी उडवली. दुकानातल्या बिटांनी लालसर ठिणगी दिली. एक गोष्ट लक्षात ठेवायची: काही बिटांचा दांडा वेगळ्या, मऊ लोखंडाचा जोडलेला असतो, म्हणून ठिणगी नाळ्यांच्या (कीस बाहेर काढणाऱ्या पिळदार खोबणींच्या) भागाचीच पाहावी.

फरक पडतो तो तापात. कार्बन स्टीलचं बिट २०० ते २५० अंशांतच मऊ पडायला लागतं. एचएसएस साडेपाचशे-सहाशे अंशांपर्यंत धार धरून राहतं. म्हणून निळं पडलेलं कार्बन बिट मेलेलं समजावं, आणि किंचित निळं पडलेलं एचएसएस बिट पुन्हा धार लावून वापरता येतं. आपल्याकडचं मे महिन्यातलं ४५ अंशांचं ऊन यात कुठेच बसत नाही, तरी ‘उन्हाने बिट जळतात’ हे वाक्य दर उन्हाळ्यात ऐकू येतं.

डब्यावर काय वाचायचं तेही इथेच ठरलं. नेहमीचं चांगलं एचएसएस म्हणजे एम२: साधारण ६ टक्के टंगस्टन, ५ टक्के मॉलिब्डेनम, ४ टक्के क्रोमियम, २ टक्के व्हॅनेडियम. डब्यावर ६५४२ हा आकडा असेल तर तेही एम२ च. ४३४१ आणि ४२४१ हे त्याहून हलके, मिश्रधातू कमी असलेले प्रकार. त्यांच्यावरही ‘एचएसएस’ असाच ठसा असतो आणि तो ठसा खोटा म्हणता येत नाही. एम३५ मध्ये ५ टक्के कोबाल्ट, एम४२ मध्ये ८ टक्के. कोबाल्टमुळे तापात धार टिकते, पण बिट ठिसूळही होतं. ‘आर’ म्हणजे नाळ्या गरम दाबून काढलेलं, बहुधा काळं बिट. ते थोडं लवचीक असल्याने हाताच्या ड्रिलला सोसतं. ‘जी’ म्हणजे ग्राइंड करून काढलेल्या नाळ्या. हे अचूक असतं आणि भोक मापात देतं, पण वाकडं दाबलं की तुटतं. सोनेरी रंग टायटॅनियम नायट्राइडचा असेल तर कामाचा. पण तो खरा लेप आहे की नुसता रंग, हे डोळ्यांना कळत नाही. लेप खरा असला तरी एकदा धार लावली की टोकावरून तो जातोच.

टोकाच्या कोनाबद्दल वर्कशॉपमध्ये एक गैरसमज होता: १३५ अंश म्हणजे ‘जास्त टोकदार’. उलट ते जास्त चपटं असतं. त्याला स्प्लिट पॉइंट (टोकाचा मधला भाग घासून धारदार केलेला) असेल तर बिट सेंटर पंचच्या खुणेवरून सरकत नाही, कडक लोखंडात जोर कमी लागतो आणि पायलट भोकाची गरज उरत नाही. ११८ अंशांचं टोक एमएसला उत्तम आणि हाताने धार लावायलाही सोपं.

पर्याय

चार वाटा समोर होत्या.

गॅस कटरने भोकं पाडायची. हा सगळ्यात जलद मार्ग, आणि घाईत आठ पासांवर तो वापरूनही झाला होता. पण गॅसने कापलेल्या भोकाची कड वितळून लगेच निवते, कडक आणि ठिसूळ होते, कडेला बारीक खाचा राहतात. काळ्या जमिनीत पास दगडाला किंवा खुंटाला अडली की भेग तिथूनच सुरू होते. एमएसमध्ये एक वेळ चालेल, पाट्यात नाही.

कार्बाइड टोकाचे बिट. वेग चालेल, कडकपणाही. पण पिलर ड्रिलची खिळखिळी मान आणि लोंबणारी ४ फुटी पट्टी पाहता पहिल्याच हादऱ्याला टवका उडाला असता. हा पर्याय फार वेळ चर्चेत राहिला नाही.

यंत्राचा वेग उतरवून कोबाल्ट वापरायचा. ९६० आरपीएमची मोटर बसवली असती तर ४८० चे ३२० झाले असते, तेही जास्तच. वेगनियंत्रक ड्राइव्हसाठी थ्री फेज मोटर लागली असती. मधला दांडा टाकून दोन टप्प्यांत वेग कमी करणं सगळ्यात स्वस्त होतं.

भट्टी. ही वाट गावातल्या म्हाताऱ्या लोहाराने दाखवली. त्याला पाटा दाखवला तर तो म्हणाला, “भाऊ, हे लोखंड नाही, पाटा हाय. याले लाल केल्याबिगर भोक पडत नाही.” पाशीची धार ग्राइंडरने काढण्याऐवजी भट्टीत ठोकून काढायची, आणि पाटा नारिंगी तापलेला असतानाच सुंभ्याने (ठोकून भोक पाडायच्या हत्याराने) भोक मारून घ्यायचं. हा पर्याय सुरुवातीला कुणीच गंभीरपणे घेतला नाही. ड्रिल मशीन असताना लोहाराकडे जाणं मिस्त्रींना कमीपणाचं वाटत होतं, ते स्पष्टच दिसत होतं. खरं तर गॅस कटर सोडला तर बाकी पर्यायांत हा एकच असा होता की ज्यात बिटाला पाट्याच्या कडकपणाशी झुंजावं लागत नव्हतं.

निर्णय करण्याआधी एकेका पाशीवर चाचणी घेतली. टेम्पर असलेल्या पाट्यात ४८० आरपीएमला उरलेलं कोबाल्ट बिट चालवलं. दुसऱ्या भोकातच कर्कश आवाज सुरू झाला, म्हणून तिथेच थांबवलं. दुसऱ्या पाशीत भोकाच्या जागा गॅसने लाल करून कोरड्या राखेत निवू दिल्या. एम२ चं बिट पार गेलं, थोडं तापलं. तिसरीला लोहाराने १२ मिमीची भोकं मारून दिली आणि १३ मिमीच्या साध्या बिटाने ती मापात आणली. या बिटावर काही परिणाम दिसला नाही.

काय केलं

निर्णय मिश्र झाला. ज्या पासांची धार अजून काढायची होती त्या लोहाराकडे गेल्या. ज्यांची ग्राइंडरने काढून झाली होती त्या वेग उतरवलेल्या यंत्रावर घेतल्या.

यंत्रासाठी २० मिमीचा दांडा, यूसीपी २०४ ची दोन बेअरिंगं आणि अँगलचं ब्रॅकेट लागलं. मोटरवर २ इंची पुली, मधल्या दांड्यावर ५ इंची. मोटरवरची पाच पायऱ्यांची पुली मधल्या दांड्यावर सरकवली. १४४० चे आधी ५७६ आणि स्पिंडलवर (बिट फिरवणाऱ्या दांड्यावर) १९२ झाले. १३ मिमीला ७.८ मीटर, म्हणजे हव्या त्या पट्ट्यात. याचा तोटा आधीच सांगितलेला बरा: वेग अडीचपट कमी म्हणजे पिळाचा जोर तेवढाच जास्त. बिट अडकलं तर बेल्ट घसरण्याआधी पट्टी फिरते. म्हणून पट्टी दोन सी-क्लॅम्पनी टेबलाला आवळली, दुसऱ्या टोकाला स्टँड दिला आणि हातमोजे घालून ड्रिल चालवणं बंद केलं.

टेम्पर असलेल्या पाट्यात ५ टक्के कोबाल्टचं, १३५ अंशी स्प्लिट पॉइंटचं, ग्राइंड केलेलं बिट वापरलं. पायलट भोक नाही. आधी ८ आणि १० मिमीची भोकं पाडून मग १३ चं घालायची वर्कशॉपची सवय होती, ती इथे महागात पडली असती, कारण मग सगळा भार बिटाच्या बाहेरच्या दोन कोपऱ्यांवर येतो आणि जळतात ते कोपरेच. दाब सतत, न सोडता. एका फेऱ्याला साधारण ०.०८ मिमी उतरलं तर मिनिटाला १५ मिमी होतात. १० मिमी पाटा आणि टोकाची उंची धरून एका भोकाला मिनिटभर लागतं. मध्ये हात सैल केला की बिट घासतं आणि चकचकीत खड्डा परत तयार. पार होण्याच्या शेवटच्या दोन मिलिमीटरला दाब कमी करायचा, तुटण्याची जागा तीच. इंजिनचं जळकं ऑइल बाजूला ठेवून कटिंग ऑइल आणलं. तापलेलं बिट पाण्यात बुडवायचं नाही, धार लावतानाही नाही. एचएसएसला त्याने न दिसणाऱ्या भेगा पडतात आणि मग कड टवकाटवक्याने झडते.

फ्रेमसाठी एम२ चं साधं ११८ अंशी बिट ४८० आरपीएमला पुरेसं होतं. तिथे चूक वेगळीच निघाली. हाताने धार लावलेल्या बिटाची एक कड लांब आणि एक आखूड होती, त्यामुळे १३ चं भोक साडेतेराच्या पुढे जाई आणि बोल्ट खुळखुळे. दोन्ही नाळ्यांतून सारखा कीस निघतो का ते पाहणं ही सगळ्यात सोपी परीक्षा. एकाच बाजूने निघत असेल तर धार पुन्हा लावायची. कडेमागचा उतार ८ ते १२ अंश. उतार कमी असेल तर बिट घासतं, फार असेल तर कड खुपते आणि झडते.

भट्टीच्या कामात एकच आग्रह धरला: भोक मारल्यावर पास ओल्या मातीवर टाकायची नाही, कोरड्या राखेत पुरायची. क्रोम असलेला पाटा उघड्या हवेतही थोडा कडक होतो. सगळी भोकं झाल्यावर फक्त धारेचा भाग तापवायचा, चुंबक चिकटेनासं झाल्यावर थोडं पुढे न्यायचं आणि तेलात निववायचं, मग धारेवर निळा रंग येईपर्यंत टेम्पर उतरवायचा. पाण्यात निववलं तर असला पाटा तडकू शकतो. भोकांचा भाग मऊच राहिला, आणि बोल्टजवळ तो तसाच हवा.

वेळेचंही एक पथ्य लागलं. संध्याकाळी व्होल्टेज १८० पर्यंत उतरे. मोटरचा जोर व्होल्टेजच्या वर्गाने कमी होतो, म्हणजे २३० च्या तुलनेत साठ टक्क्यांच्या आसपासच उरतो. सुरुवातीचे दोन बिट भोक पार होताना तुटले ते याच वेळी. पासांचं ड्रिलिंग सकाळी घेतलं.

परिणाम

यंत्रावर घेतलेल्या पासांची ४४ भोकं दोन कोबाल्ट बिटांत झाली, मध्ये प्रत्येकाला एकदा धार लावून. भट्टीतून आलेल्या पासांच्या भोकांना एम२ चं एकच बिट पुरलं. फ्रेम वेळेत उभ्या राहिल्या. गॅसने भोकं पाडलेल्या आठ पासांपैकी तीन पहिल्याच वखरणीत भोकाजवळ तडकून परत आल्या, उरलेल्या पाच वर्कशॉपने स्वतःहून बदलून दिल्या. त्यात नफ्याचा बराच भाग गेला. काही पासा मृगानंतर पोचल्या, पण त्या वर्षी पेरण्या लांबल्यामुळे तक्रार झाली नाही.

काय वेगळं करता आलं असतं

पहिली चुकीची जागा बिट विकत घेण्याची नव्हती, त्याच्याही आधीची होती: पाटा थंड कापून, धार काढून, मग भोकांचा विचार करण्याची. क्रम आधी भोकं आणि शेवटी पाणी असा असता तर १६० पैकी एकाही भोकाला कोबाल्ट लागला नसता.

दुसरी जागा पाचव्या-सहाव्या जळालेल्या बिटाशी होती. एकाच कामात एकाच पद्धतीने तीन बिट गेले की थांबून आरपीएम आणि व्यास कागदावर मांडावेत. दुकानदाराने कोबाल्ट सुचवला तो चुकीचा नव्हता, पण ४८० आरपीएमला आणि हाताच्या ड्रिलवर तो वाया जाणारच होता.

खरेदीही आता वेगळी होते. आठवडी बाजारातून फक्त लाकडासाठी बिट घेतले जातात. १३ मिमीचे एम२ ग्राइंड केलेले बिट नागपूरहून डब्याने मागवतात आणि डब्यावरचा आकडा वाचून घेतात. हाताच्या ड्रिलसाठी ६ ते १० मिमीचे काळे, लवचीक बिट वेगळ्या डब्यात असतात. कोबाल्टचे दोन मालकाच्या कपाटात, कारण ते पोराच्या हाती लागले की ग्रिलच्या कामात संपतात. जुना पाटा घेताना मधल्या बोल्टच्या भोकाजवळ भेग दिसली तर तेवढा तुकडा कापून टाकतात, आणि नवं भोक काठापासून २० मिमीच्या आत घेत नाहीत. रोटावेटरच्या ब्लेडची भोकं मोठी करून मागणारे अजूनही येतात. बोरॉन स्टीलच्या त्या ब्लेडला १९२ आरपीएमलाही कोबाल्ट टिकत नाही, आणि गरम केलं तर ब्लेडचा टेम्पर जातो, म्हणून ते काम वर्कशॉप घेत नाही.